रीफ टँकमधील खडकरचना: चिकटवून पक्की करावी की नुसती रचावी?

प्रवाळमित्र

रीफ टँकमध्ये, म्हणजे जिवंत प्रवाळ वाढवण्याच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत, निम्म्या उंचीच्या वर जाणारी कोणतीही खडकरचना रॉड घालून जोडलेली आणि चिकटवलेलीच असावी, असे माझे ठाम मत आहे. दगडावर दगड ठेवायचा, हाताने थोडे हलवून पाहायचे आणि काम झाले असे समजायचे, हा सल्ला आजही नवख्यांना सर्रास दिला जातो. तो मला धोक्याचा वाटतो.

उभारल्या दिवशी रचना स्थिर असते, यात विशेष काही नाही. पुढच्या काही वर्षांत तिच्यावर काय काय येणार आहे, हे धरून ती बांधावी लागते. पिस्टल श्रिंप ही कोळंबी आणि तिच्या बिळात राहणारा गोबी मासा खडकाच्या पायाखालची वाळू रोज उपसतात, जॉफिश हा मासा आपले उभे बीळ खणतो आणि काटेरी सी अर्चिन अरुंद फटीत अंग रेटून वाट काढतो. शेंड्यावर लावलेला फ्रॅग, म्हणजे प्रवाळाचा लहान तुकडा, आज बोटभर असतो. पण अॅक्रोपोरासारखे प्रवाळ जोमाने वाढले की वसाहत खालच्या दगडापेक्षाही रुंद होते, आणि बहुधा प्रकाश व प्रवाह जिकडे अनुकूल तिकडे जास्त पसरते. गुरुत्वमध्य वर आणि एका अंगाला सरकत जातो, पाया मात्र होता तेवढाच राहतो.

एका गोष्टीकडे फारसे कोणी लक्ष देत नाही, ती म्हणजे प्लावक बल. प्रवाळी खडक मुख्यतः ज्याचा बनतो त्या अॅरागोनाइट या खनिजाची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे 2.9 ग्रॅम आणि समुद्राच्या पाण्याची सुमारे 1.025 ग्रॅम असल्यामुळे बुडालेल्या खडकाचे वजन कोरड्या वजनाच्या साधारण दोन तृतीयांशच भरते. मोठ्या प्रमाणावर पाणी बदलताना रचनेचा वरचा भाग उघडा पडतो, त्याला पाण्याचा आधार उरत नाही, शिवाय छिद्रांत अडकलेल्या पाण्याचे वजनही त्याच्यावरच येते. म्हणजे आपला हात आणि नळी टाकीत असतात नेमक्या त्याच वेळी पुढे झुकलेल्या दगडावरचा भार वाढलेला असतो.

माझी पद्धत अशी. तळाचा दगड छिन्नीने सपाट करून थेट तळावर किंवा तळावर अंथरलेल्या पातळ प्लास्टिकच्या पत्र्यावर ठेवावा आणि वाळू नंतर घालावी. दगडांना मेसनरी बिटने भोक पाडून अॅक्रिलिक किंवा फायबरग्लासचा रॉड बसवावा. सांध्यात सुपरग्लू जेल, त्यावर इपॉक्सी पुट्टी आणि पुन्हा जेल असे थर द्यावेत. धातू नको. खाऱ्या पाण्यातील क्लोराइडमुळे स्टेनलेस स्टीललाही खड्डे पडतात, आणि तांबे किंवा पितळ अपृष्ठवंशी प्राण्यांना घातक असते.

निळाई

वाळूआधी पाया बसवावा, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. वाळूवर ठेवलेला दगड हा खणणाऱ्या प्राण्यांच्या मर्जीवर उभा असतो. मात्र चिकटवण्याचा आग्रह मला मान्य नाही, आणि तो विशेषतः नवख्यांना सांगणे तर मुळीच मान्य नाही.

रीफ टँकमध्ये कधी ना कधी दगड बाहेर काढावा लागतोच. एखादा डॅमसेल मासा बाकी सगळ्या माशांना छळू लागतो, लाइव्ह रॉकमधून (जिवाणू व लहान जीव असलेल्या जिवंत खडकातून) आलेला मँटिस श्रिंप रात्री शिकार करतो किंवा एका दगडावर ऐप्टेशिया या उपद्रवी, झपाट्याने पसरणाऱ्या अॅनिमोनचे रान माजते. तो एक दगड उचलता आला तर प्रश्न तासाभरात सुटतो. सगळी रचना एकसंध असेल तर टाकीच रिकामी करण्याची वेळ येते.

शिवाय सांध्याच्या ताकदीबद्दल गैरसमज फार आहेत. सुपरग्लू कडक पण ठिसूळ असतो, आडवा धक्का त्याला सोसत नाही. सच्छिद्र खडकाचा पृष्ठभाग भुसभुशीत असेल, किंवा जुन्या लाइव्ह रॉकवर जिवाणूंचा बुळबुळीत थर असेल, तर गोंद धरून राहतो आणि त्याच्याखालचा पापुद्राच सुटतो. पाण्यात ताजी इपॉक्सी वापरली की प्रोटीन स्किमर, म्हणजे पाण्यातील सेंद्रिय घाण फेसातून काढणारे यंत्र, बराच वेळ बेसुमार फेस काढत राहतो, तो त्रास वेगळाच.

पण माझा मुख्य आक्षेप याहून मूलभूत आहे. गोंदावर भरवसा ठेवणारा माणूस दगड बसवायला शिकत नाही. चुन्याशिवाय रचलेला गडगा पिढ्यान्‌पिढ्या उभा राहतो, कारण प्रत्येक दगड फिरवून, पारखून, त्याची बैठक सापडेपर्यंत हातात धरलेला असतो. टाकीतही तेच करावे. वरचा दगड खालच्यावर किमान तीन बिंदूंत टेकला पाहिजे, ते तीन बिंदू एकमेकांपासून दूर असले पाहिजेत आणि दगडाचा गुरुत्वमध्य त्या त्रिकोणाच्या आत पडला पाहिजे. हे साधले तर गोंद कशासाठी, आणि न साधले तर गोंद किती दिवस?

प्रवाळमित्र

तीन बिंदूंचा नियम मलाही मान्य आहे. चिकटवण्यापूर्वी दगड गोंदाशिवाय उभा राहिलाच पाहिजे. पण दगड सहज उचलता येतो, ही सोय निळाई सांगतात तितकी टिकाऊ नाही. मोंटिपोरा किंवा झोअँथिड एकदा दोन दगडांवर पसरले की सुटे दगडही सुटे राहत नाहीत, आणि उचलताना प्रवाळ फाटते. माशासाठी सापळा लावता येतो. आणि सगळी रचना एकाच तुकड्यात करा, असे मी म्हटलेले नाही. दोन हातांनी उचलता येतील एवढी दोन-तीन स्वतंत्र बेटे करावीत, आणि प्रत्येक बेट आतून पक्के असावे.

सागरओढ

दोघांच्या वादात एक गोष्ट मागे पडते आहे. हा प्रश्न मुळात आला कुठून, हे पाहिले पाहिजे. 1961 मध्ये इंडोनेशियातील ली चिन एंग यांनी जिवंत खडक वापरून समुद्री टाकी सांभाळण्याची पद्धत जगासमोर मांडली. पुढे जैविक गाळणीचे, म्हणजे जिवाणूंकडून पाण्यातील घाण निकामी करण्याचे, जवळजवळ सगळे काम खडकावर सोपवले गेले, आणि गॅलनला एक पौंड, म्हणजे लिटरला सुमारे 120 ग्रॅम खडक हा ठोकताळा रूढ झाला. एवढा खडक टाकीत मावायचा म्हणजे मागच्या काचेला टेकून भिंतच उभी राहणार. तशा उतरत्या ढिगाला गोंदाची गरज नव्हती, निळाईंची पद्धत तिथे चोख चालत होती. मात्र त्या ढिगाच्या पोटात पाणी फिरत नसे, घाण साचत असे आणि नायट्रेट व फॉस्फेट वाढत असत.

आता सम्पमध्ये, म्हणजे मुख्य टाकीला जोडलेल्या वेगळ्या टाकीत, सिरॅमिक माध्यम ठेवून गाळणीचा बराच भार तिकडे नेता येतो, त्यामुळे टाकीत खडक कमी लागतो. कमी खडकात प्रवाळांना जागा द्यायची म्हणून कमानी आणि पुढे आलेले कठडे आले, आणि त्यांच्याबरोबर गोंदही. म्हणून रचनेचा आकार ठरवल्याशिवाय गोंद हवा की नको याचे उत्तर देता येत नाही.

मला मधला मार्ग योग्य वाटतो. खालच्या दगडात रॉड पक्का बसवावा, वरच्या दगडाला किंचित मोठे भोक पाडून तो गोंदाविना वरून सरकवावा. आडवा धक्का रॉड सोसतो आणि गरज पडली तर दगड सरळ वर उचलता येतो. चारही बाजूंनी काच साफ करायचा चुंबक फिरेल एवढे अंतर मात्र ठेवावे. चुंबक दगडाला अडला की त्याच्या ओढीने बरीच मोठी रचनाही सरकते.

निळाई

सुटा रॉड मला पटतो, पण घट्ट, जड खडकापुरता. फांद्यांसारखा किंवा जाळीदार खडक ड्रिल लावल्यावर चिरतो, आणि ती चीर लगेच दिसतेच असे नाही.

प्रवाळमित्र

सुट्या रॉडची आणखी एक मर्यादा आहे. तो घसरणे थांबवतो, उलथणे थांबवत नाही. कठड्याच्या टोकावर वजन आले की मागची बाजू वर उचलली जाते, आणि तिला खाली धरून ठेवणारे त्यात काहीच नसते. जिथे दगड आधाराच्या पुढे येतो, तिथला सांधा चिकटवलेलाच हवा.

निळाई

तिथे तो दगडच बदलावा, किंवा मागच्या बाजूला दुसरा दगड ठेवून भार तोलावा, असे मी म्हणेन. तरीही कोणाला कठडा हवाच असेल, तर टाकीबाहेर कोरड्यात रचना उभी करून त्याच्या टोकावर वाळूची पिशवी ठेवून पाहावी. पूर्ण वाढलेल्या वसाहतीचे जेवढे वजन आपण अपेक्षितो, तेवढी पिशवी गोंदाविना पेलली गेली तर हवे तर चिकटवा. मागची बाजू उचलली गेली, तर तो कठडा टाकीत जाऊ नये.

प्रवाळमित्र

पिशवीची चाचणी मी स्वीकारतो, आणि ती कोरड्यात करण्याचा आग्रहही, कारण पाण्याचा आधार नसल्यामुळे ती अधिक कठोर ठरते. गोंदाविना ती पार पडलीच पाहिजे, ही अट मात्र मला मान्य नाही. रॉड आणि पुट्टीसह पुरते सुकलेल्या सांध्याची तीच चाचणी घ्यावी, पिशवी रात्रभर तशीच राहू द्यावी आणि सकाळी सांध्याभोवती बारीक चीर पडली आहे का ते पाहून मगच दगड टाकीत उतरवावा.