मदत हवी आहे: फिरती शिफ्ट, दुखरी नडगी आणि जानेवारीतली हाफ मॅरेथॉन

नमस्कार मंडळी,

जानेवारीत इथे नाशकातच एका हाफ मॅरेथॉनला (२१ किलोमीटर) नाव घातलंय. वय ४१, सिडकोत राहतो, अंबडला एका कंपनीत सीएनसी मशीनवर आहे. पळायला लागलो ते यंदाच्या उन्हाळ्यात. त्याआधी व्यायाम म्हणाल तर श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारची ब्रह्मगिरी फेरी आणि कधीतरी वणीच्या गडाला पायी जाणं, बास. आईचं म्हणणं, "फेरी वीस किलोमीटरची, ती तू दरवर्षी करतोस, मग वरच्या एका किलोमीटरचं एवढं काय कौतुक?" फेरीत वाटेत चहा असतो, हे तिला सांगून झालं.

दहा किलोमीटर सव्वा तासाच्या आत होतात. दमाची तक्रार नाही. अडतंय ते नडगीशी. बारा-तेरा किलोमीटर झाले की उजव्या नडगीची आतली बाजू, घोट्याच्या चार बोटं वरपासून पोटरीच्या निम्म्यापर्यंत, ठणकायला लागते. थांबलो की कमी होते. पण दुसऱ्या दिवशी सेफ्टी शूज घालून आठ तास काँक्रीटवर उभं राहिलं की संध्याकाळी पुन्हा डोकं वर काढते. हरसूलकडचा एक सहकारी आहे, तो म्हणतो बूट काढून फेक, आमच्याकडे पोरं अनवाणी पळतात. धावपटू कविता राऊतचं गाव सावरपाडा त्याच्याच बाजूला, त्यामुळे आवाज जरा जास्तच चढतो.

दुसरा घोळ शिफ्टचा. दर आठवड्याला बदलते. पहिली सात ते साडेतीन, दुसरी साडेतीन ते बारा, तिसरी बारा ते सात. नेटवरचे सगळे प्लॅन 'मंगळवारी इंटर्व्हल (थांबूनथांबून जोरात), गुरुवारी टेम्पो (सलग वेगात), रविवारी लाँग रन (मोठं अंतर)' या थाटाचे. आमची सुट्टी शनिवारी, आणि ओळखीचा ग्रुप मोठं अंतर धरतो रविवारी. तिसऱ्या शिफ्टच्या आठवड्यात शनिवारी सकाळी सातला सुटून तसंच पळायला जावं का? की तो आठवडा सोडूनच द्यावा? सोडला तर १४ किलोमीटरवरून २१ वर जाणार कधी? वेळ जेमतेम तीन महिने आहे.

वेळेचं काही मनात नाही. चालत का होईना, पण हसत पोहोचायचंय.

प्रतिसाद १: नडगीचं आधी बघा

मी डॉक्टर नाही, पण या दुखण्यातून गेलोय. हाडाच्या कडेवर बोट दाबत खालून वर जा. चार-सहा इंचांच्या पट्ट्यात सगळीकडे थोडंथोडं दुखत असेल तर बहुतेक शिन स्प्लिंट, म्हणजे जास्त ताणाने नडगीच्या हाडाच्या कडेला येणारं दुखणं. एकाच जागी, बोटाच्या टोकाएवढ्या ठिपक्यात कळ येत असेल, रात्री पडल्यापडल्या दुखत असेल किंवा त्या पायावर लंगडी घालताना जीव जात असेल, तर पळणं त्याच दिवशी बंद आणि अस्थिरोगतज्ज्ञ गाठा. हाडाला बारीक चीर असली तरी सुरुवातीला एक्सरेत दिसेलच असं नाही, एमआरआयमध्ये कळते.

नुसतं शिन स्प्लिंट असेल तर दोन आठवडे अंतर निम्मं करा. जिन्याच्या पायरीवर उभं राहून टाचा वर-खाली, एकदा गुडघा सरळ ठेवून, एकदा किंचित वाकवून. पावलं छोटी टाका. आणि सहकाऱ्याचं या हंगामात तरी ऐकू नका. लहानपणापासून अनवाणी पळणाऱ्याचे पाय वेगळे घडलेले असतात.

प्रतिसाद २: वेग!

दहा किलोमीटर सव्वा तासात म्हणजे किलोमीटरला साडेसात मिनिटं. सरावात रोज तेवढंच पळत असाल तर नडगी बोलणारच. रोजचा सराव सव्वाआठ-साडेआठने करा. खूण अशी की पळतापळता शेजाऱ्याशी पाणीपट्टीवर तावातावाने बोलता आलं पाहिजे. एकेका शब्दावर आलात तर वेग जास्त आहे. इंटर्व्हल-टेम्पो सध्या विसरा. साडेआठने पूर्ण अंतर तीन तासांत होतं. रेसची कटऑफ वेळ (किती वेळात संपवावी लागते ती) तेवढी एकदा बघून ठेवा.

आणखी एक. रस्त्याच्या कडेला उतार असतो, रोज त्याच कडेने गेलं की एकाच पायावर भार येतो. सध्या सिंहस्थाच्या कामांनी जिकडेतिकडे खोदून ठेवलंय, त्यामुळे कडेलाच पळावं लागतं, हे मान्य. मग निदान छोटी अंतरं तरी गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर मारा.

प्रतिसाद ३: आठवडा सात दिवसांचा कशाला?

मीही शिफ्टवाली, नर्स आहे. तुमच्या तीन शिफ्टचं एक चक्र धरा, २१ दिवसांचं. पहिल्या आणि दुसऱ्या शिफ्टच्या शनिवारी मोठं अंतर, तिसरीच्या आठवड्यात नाही. त्या शनिवारी सातला सुटून घरी जा, झोपा, संध्याकाळी पाच-सहा किलोमीटर सावकाश. रात्रभर जागून ट्रकांच्या रस्त्यावर पळायला जाणं धोक्याचं आहे, त्यात मर्दुमकी काही नाही.

तीन महिन्यांत अशी आठेक मोठी अंतरं मिळतात. पाय बरा असेल तर १२ पासून चढा, मध्ये एकदा कमी करा, १८ ला थांबा. २१ सरावात पळायची गरज नसते. शेवटचे दहा-बारा दिवस अंतर उतरवत न्या. दुसऱ्या शिफ्टला बाराला सुटून पहाटे पाचला उठू नका, आठला निघा, हिवाळ्यात ऊन सोसतं.

तासाच्या पुढे पळताना पोटात काहीतरी हवं. खजूर, चिक्की, एनर्जी जेल, जे पचेल ते, पण सरावात खाऊन बघितलेलंच. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात घाला, अर्ध्या बाटलीत नको.

आणि आत्ताच कॅलेंडर काढून रेसच्या आठवड्यात कुठली शिफ्ट येते ते मोजा.

धन्यवाद मंडळी

दाबून बघितलं. पट्टाच दुखतो, ठिपका नाही. लंगडीही जमली. (बायको बघत होती, तिने काही विचारलं नाही.) दोन आठवडे अंतर निम्मं करतो, तरीही दुखलं तर डॉक्टर.

ताई, कॅलेंडर मोजलं. रेसच्या आधीचा आठवडा नेमका तिसरी शिफ्ट! सुपरवायझरच्या कानावर आजच घातलंय. तो म्हणतो बदली तू शोध, सही मी करतो. एक जण तयार आहे, पण बदल्यात त्याला संक्रांतीची सुट्टी हवीय. देऊन टाकतो.

आता एकच राहिलं. शनिवारी सकाळी पाथर्डी फाटा ते पांडवलेणी बाजूला साडेआठच्या वेगाने कुणी पळत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.