सर्व्हरची डिस्क: वेगळे कप्पे की सगळं एकातच?

केबलवाला_राजारामपुरी
नवा सर्व्हर आलाय. 2 टीबीच्या दोन डिस्क, रेड 1 (एकीची हुबेहूब नक्कल दुसरीवर), म्हणजे वापरायला 2 टीबीच. इंटरनेटची गिऱ्हाइकं साडेआठशे. यावरच रेडियस (गिऱ्हाइकाचं लॉगिन तपासणारा), मायएसक्यूएल (डेटाबेस) आणि नॅटचे (एकच आयपी अनेक गिऱ्हाइकांत वाटणं) लॉग, म्हणजे नोंदी. जोडीदार म्हणतो, सगळं रूटमध्येच, म्हणजे एकाच मुख्य कप्प्यात ठेव. मला नाही पटत. वळवाच्या पावसात लाइट गेली, रात्री साडेदहाला आली. घराघरातले राउटर एकदम डायल करायला लागले आणि एकाचंही लॉगिन होईना. इन्व्हर्टरवाल्यांचं मात्र झकास चालू! त्यामुळं मी आधी फायबर तपासत पावसात हिंडलो. शेवटी 'डीएफ' (डिस्क किती भरली ते दाखवणारी कमांड) मारलं तर डिस्क 100 टक्के. लॉगनं सगळी जागा खाल्ली, डेटाबेसला एक ओळ लिहायला जागा नाही. तांबडा-पांढरा एका वाटीत ओततो का आपण?

रंकाळ्यावरचा_बाप्या
वाट्या वेगळ्या केल्या म्हणून रस्सा वाढत नाही, भावा. मी असेच कप्पे पाडले होते. 'व्हार'ला (लॉग, डेटाबेस जिथं पडतात तो फोल्डर) 20 जीबी, 'होम'ला (यूजरच्या फायलींचा) 300. वर्षभरात व्हार तुडुंब आणि होममध्ये कुत्रं फिरकत नव्हतं. मग सिमलिंकचे (फाईल दुसरीकडं, जुन्या जागी नुसता दुवा) जुगाड, ते विसरल्यावर बॅकअपचा घोळ. एकच ठेव, लॉगरोटेट (जुने लॉग आपोआप काढणारा) नीट लाव, 80 टक्क्यांला मेसेज येऊ दे.

केबलवाला_राजारामपुरी
मेसेज आला तेव्हा मी लग्नात जेवत होतो. कप्पा असता तर लॉग अडकले असते, गिऱ्हाईक नाही.

शाहूपुरी_टर्मिनल
दोघंही ठोकळ्यासारखे कप्पे धरून बसलाय. एलव्हीएम कर, म्हणजे कप्प्यांचा आकार नंतर बदलता येतो. रूटला 40, डेटाबेसला 100, लॉगला 300, बाकी जागा कुणालाच देऊ नकोस. लागेल तशी चालू सर्व्हरवर वाढव. एवढंच की फाइलसिस्टिम (कप्प्यात फायली मांडायची पद्धत) एक्सएफएस असेल तर ते वाढतं, कमी करता येत नाही. ईएक्सटी4 ही दुसरी फाइलसिस्टिम, ते आकसतं, पण अनमाउंट करून (कप्पा वापरातून काढून). आणि ईएक्सटी4 पाच टक्के जागा रूट यूजरसाठी (सर्व्हरचा मुख्य अ‍ॅडमिन) राखतं, नुसत्या डेटाच्या कप्प्यावर ती कमी कर.
जाता जाता, बॅकअप तळमजल्यावर ठेवू नकोस. 2019 चा पूर आमच्या गल्लीनं बघितलाय.

रंकाळ्यावरचा_बाप्या
एलव्हीएम म्हणजे आणखी एक थर. रात्री दोनला डिस्क गेली की तो उलगडणार कोण? याचा जोडीदार? आणि काका, मूळ प्रश्न कुणी विचारलाच नाही: रोजचा लॉग किती? लायसन्सनं आयपीडीआर (इंटरनेट वापराच्या नोंदी) दोन वर्षं ठेवायला लागतात, डिसेंबर 2021 पासून. आधी एक वर्ष होतं.

शाहूपुरी_टर्मिनल
थर आहे, मान्य. पण तुझ्या सिमलिंकपेक्षा बरा.

केबलवाला_राजारामपुरी
मोजला. काल 6 जीबी. गुणिले 730... 4,380 जीबी. म्हणजे कप्पे पाडा नाहीतर नका पाडू, या डिस्कवर मावतच नाही! जीझिपनं दाबून लहान केल्यावर सहाशे एमबी झाला, तो मावतो.

रंकाळ्यावरचा_बाप्या
मग जुने लॉग दुसऱ्या मशीनवर हलव, इथं आठवड्याचेच ठेव. आणि नॅटमध्ये गिऱ्हाइकाला पोर्टांचा (कनेक्शनच्या क्रमांकांचा) गठ्ठाच नेमून दे. दर कनेक्शनला ओळ पडणार नाही, गठ्ठा दिला-घेतला तेवढीच नोंद.

केबलवाला_राजारामपुरी
तेही करतो. पण डेटाबेसचा कप्पा वेगळाच राहणार. पावसात एकदा हिंडलोय मी.

रंकाळ्यावरचा_बाप्या
बरं बाबा, तेवढा एक कर. होमला 300 देऊ नकोस म्हणजे झालं.