परिवार ग्रुप: व्हेनिस की मांतोवा?

सुलूआत्या: केतकीने रात्री टाकलेला प्लॅन आत्ता पाहिला. व्हेनिसच्या तीन रात्रींचा एकच दिवस झाला, आणि मुक्काम इटलीतल्याच मांतोवा नावाच्या गावात? कुणी ठरवलं? दादा-वहिनींच्या लग्नाला चाळीस वर्षं होताहेत, मला विचारावंसं कुणाला वाटलं नाही.

नंदूकाका: शुभ सकाळ मंडळी 🙏🌹

केतकी (म्युनिक): आत्या, ठरवलेलं नाही, सुचवलंय. जुलै अखेरीस व्हेनिसला राहायचं म्हणजे दिवसभर लोंढ्यात चालायचं. जुन्या शहरात राहणारे लोक पन्नास हजारांच्याही खाली आलेत. गर्दी इतकी की ठरावीक दिवशी नुसतं दिवसभरासाठी येणाऱ्यांकडून 2024 पासून पैसे घेतात, आधी भरले तर 5 युरो. आणि चारशेच्या वर पूल, बहुतेकांना पायऱ्या. तुमचा गुडघा?

सुलूआत्या: माझ्या गुडघ्याचं मी बघेन.

प्रकाशकाका: व्हिसाच्या अर्जाला राहण्याचं बुकिंग लागतं. आधी शहर ठरवा.

अमोल: मुक्काम मांतोवाला का पण? शेजारचं व्हेरोना चाललं असतं की. ज्युलिएटच्या बाल्कनीखाली मोठे काका-काकू 😄

केतकी: बाल्कनी विसाव्या शतकात बसवलेली आहे रे, आणि अंगणात मुंगी शिरायला जागा नसते. मांतोवाला मी हिवाळ्यातही गेलेय, उन्हाळ्यातही. तीन बाजूंनी मिंचो नदीची तळी, मध्ये लाल विटांचं गाव. जुलै-ऑगस्टमध्ये वरच्या तळ्यात कमळं फुलतात, बोटीने त्यांच्यामधून नेतात. 1921 मध्ये लावलेली, आपल्याकडचीच जात. राजवाड्यात मांतेन्या नावाच्या चित्रकाराने 1465 ते 1474 या काळात रंगवलेली एक खोली आहे, नावच ‘दांपत्याची खोली’. राजा-राणी, मुलं, दरबारी, कुत्रा, सगळं घरच भिंतीवर. वर पाहिलं की छताला गोल आभाळ आणि कठड्यावरून बाळं खाली डोकावताहेत. काकू चित्रं काढायची ना, तिला तिथं न्यायचंच आहे मला. फक्त वेळ आधी घेऊन ठेवू.

मोठी काकू: मला कमळं बघायला आवडतील.

सुलूआत्या: वहिनी सगळ्यालाच हो म्हणते. मागेही शांत जागा, शांत जागा करत नंदूने गुहागरच्या पुढे नेलं होतं. जेवण साडेतीनला मिळालं.

नंदूकाका: ताई, तो विषय संपला होता. आणि त्या दिवशी निघायला उशीर कुणामुळे झाला, तेही सांग.

सुलूआत्या: औषधाची पिशवी शोधत होते मी.

नंदूकाका: ती गाडीतच होती.

प्रकाशकाका: पुन्हा लिहितो. बुकिंग नाही तर अर्ज नाही. अर्ज सहा महिने आधीपासून घेतात, अगदी शेवटी म्हणजे 15 दिवस आधी. विम्याचं कवच किमान 30,000 युरोंचं लागतं. शहर ठरवा.

अमोल: काका 👍 तिसऱ्यांदा लिहाल तेव्हा पिन करतो.

प्रकाशकाका: कर. मागच्या वेळी धावपळ मीच केली होती.

मंजूताई: खायचं काय तिथे? काकू अंडं खात नाही.

केतकी: तिथली खासियत लाल भोपळ्याचं सारण भरलेली तोर्तेल्ली, म्हणजे पास्ताच, वर लोणी आणि सेज नावाची सुगंधी पानं. चव गोडसर, मला फार आवडते. पण पिठात अंडं असतं, म्हणजे काकूला नाही. तिथला खास भात डुकराच्या मांसाचा. स्ब्रिसोलोना म्हणून मका आणि बदामाचा खुसखुशीत केक मिळतो, त्यातही बहुधा अंडं असतं आणि पूर्वी चरबी घालत, म्हणून विचारूनच घ्यायचा. स्वयंपाकघर असलेलं घर घेऊ या, वरणभाताची सोय होईल.

सुलूआत्या: म्हणजे वहिनीने लग्नाच्या वाढदिवसाला तिथं जाऊन कुकर लावायचा?

केतकी: मी लावेन आत्या.

नंदूकाका: (फॉरवर्ड केलेला व्हिडिओ) कोमट पाणी पिण्याचे 9 फायदे

मंजूताई: नंदूकाका, प्लीज 🙏

अमोल: केतकी, तोटेही सांग ना. नंतर ऐकायला नको.

केतकी: सांगते. उकाडा आहे, तळ्यांमुळे डास आहेत, संध्याकाळी अंगाला मलम लागेल. रस्त्यांना नदीचे गोटे बसवलेत, चाकांची बॅग आदळत जाते. आणि रात्री दहानंतर गाव शांत होतं. ज्यांना रात्री बाजार हवा त्यांना कंटाळा येईल. काका-काकूंना येणार नाही असं वाटतं.

सुलूआत्या: गोटे! आणि गुडघा माझा काढत होतीस.

केतकी: पायऱ्या तरी नाहीत ना आत्या. चढही नाही, आणि राजवाड्याजवळच घर घेऊ.

मोठे काका: सगळं वाचलं. सुलूचा राग बरोबर आहे, तिला आधी फोन करायला हवा होता. तीन रात्री मांतोवा. मग व्हेरोना, तिथे 1913 पासून रोमन काळातल्या खुल्या प्रेक्षागृहात उन्हाळ्यात ऑपेरा होतो, तो मला बघायचा आहे.

केतकी: काका, तो रात्री नऊच्या सुमाराला सुरू होऊन मध्यरात्रीनंतर सुटतो, तेव्हा राहायचं व्हेरोनातच. तिथून व्हेनिस गाडीने सव्वा तासावर, सकाळी लवकर निघू. मांतोवाहून ते लांब पडलं असतं.

सुलूआत्या: व्हेनिसला मी वहिनीला गोंडोल्यात बसवणार. पैसे मी देणार. त्यात कुणी बोलायचं नाही.

मोठी काकू: सुलू, तूही बस की आमच्याबरोबर.

सुलूआत्या: बघू. केतकी, घर तळमजल्यावरचं घे.

प्रकाशकाका: म्हणजे मांतोवा आणि व्हेरोना. सगळ्यांनी पासपोर्टचे फोटो आज रात्रीपर्यंत मला वेगळे पाठवा, ग्रुपवर नको.

नंदूकाका: (फोटो) माझा पासपोर्ट

प्रकाशकाका: नंदू, ग्रुपवर नको म्हटलं ना. डिलीट कर.