अनुभव धागा: ‘जुना लूक’ आणि खरोखर जुनं – फरशी, लाकूड, वेत, दिवे

मुंबई-पुण्यातल्या चाळीस-पन्नास वर्षांच्या फ्लॅटांचं काम निघालं की ‘जुना लूक हवा’ ही मागणी हमखास येते. मग होतं काय, की घरातलं अस्सल मोझाईक फुटतं आणि त्याच जागी मोझाईकचं चित्र छापलेली व्हिट्रिफाइड लादी बसते. हे थांबायला हवं असं मनापासून वाटतं, म्हणून हा धागा. रेट्रो कुठे शोभतं, काय कायम टिकतं आणि ते कसं टिकवायचं, हे प्रत्यक्ष काम करणाऱ्यांनी मापं आणि प्रमाणांसकट लिहावं.

फरशीकाम, दादर

मोझाईकपासून सुरुवात करतो. ही लादी साधारण २० ते २५ मिमी जाड असते आणि संगमरवरी चिपांचा वरचा थर ५-६ मिमी किंवा थोडा जास्त. लाद्या सपाट बसलेल्या असतील तर एका घासणीत मिलिमीटरभरही थर जात नाही. म्हणजे तीच फरशी पुन्हा पुन्हा नवी करता येते. छापील लादीचं चित्र झिजलं की संपलं.

घासायचं मशीन लावण्याआधी लाकडी दांड्याने प्रत्येक लादी वाजवून पाहा. पोकळ वाजेल ती उचलून पुन्हा बसवा, नाहीतर मशीनखाली कोपरा उडतो. वर आलेली लादीही पुन्हाच बसवावी. ती घासून सपाट करायला गेलं की चिपांचा थर संपतो आणि खालचं करडं सिमेंट उघडं पडतं. बदलायला जुळती लादी लागलीच तर बाजारात हिंडण्याआधी भिंतीतल्या कपाटाखालची काढा. त्याच बनावटीची तिथेच मिळेल, फक्त रंग उजळ दिसेल.

सांधे ३-४ मिमी खरवडून पांढरं सिमेंट, थोडं करडं सिमेंट आणि रंग यांच्या पेस्टने भरा आणि तीन दिवस ओले ठेवा. मग मशीनला ६० नंबरचा घासायचा दगड (नंबर वाढेल तसा दगड बारीक). त्यानंतर उघडी पडलेली बारीक छिद्रं त्याच पेस्टने भरून ती पक्की होऊ द्यायची. घाईत ही पायरी गाळली जाते आणि पुढे त्या छिद्रांत मळ बसून फरशी कायम काळपट दिसते. पुढे १२०, २२०, ४००. शेवटी ऑक्झॅलिक अ‍ॅसिडची पूड, चौरस मीटरला ३३ ग्रॅम, पाणी शिंपडून नमद्याने (दाबलेल्या लोकरीच्या जाड कापडाने) जोरात घासायची. धुऊन दोन दिवस सुकू द्या, मग मेण.

घासणीची राबडी नहाणी ट्रॅपमध्ये (मोरीच्या जाळीखालच्या भांड्यात) सोडू नका, आत सिमेंट बसून पाइप तुंबतो. ती बादलीने भरून बाहेर न्यायची. संडास साफ करायचं अ‍ॅसिडही या फरशीला लावू नये. संगमरवर आणि सिमेंट दोन्ही त्यात विरघळतात, चमक जाते ती पुन्हा घासल्याशिवाय येत नाही.

टाइल्सचं काम, गिरगाव

नक्षीदार लादी दिसली की सगळे ‘मिंटन’ म्हणतात. मिंटन म्हणजे इंग्लंडहून आलेली, भट्टीत भाजलेली मातीची लादी. भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात ती पाहता येते. घराघरांत असते ती बहुतेक रंगीत सिमेंटची: साच्यात रंग ओतून, दाबयंत्राने दाबून, पाण्यात मुरवलेली, न भाजलेली. मुंबईत भारत टाइल्स या कंपनीचं काम १९२२ पासूनचं, स्वदेशीच्या काळातलं. दोन्हींची निगा वेगळी. सिमेंटची लादी तेल-हळद पिते, म्हणून बसवल्यावर पूर्ण सुकू देऊन आत मुरणारा सीलर (डाग रोखणारं द्रावण) लावा. ओल असताना सीलर लावला तर पांढरे डाग आत अडकतात.

मांडणीबद्दल. जुन्या खोल्यांत नक्षी मध्ये गालिच्यासारखी आणि कडेने साधा पट्टा असे. ते नुसतं सजावटीसाठी नव्हतं. १० फूट × १२ फूट खोलीत ८ इंची लादी हिशेबाने बरोबर १५ × १८ बसते, पण भिंती प्रत्यक्षात दोन-तीन इंच तिरक्या असतात. ती तूट साधा पट्टा पोटात घेतो, नक्षी कुठेच कापली जात नाही. हल्ली भिंतीपासून भिंतीपर्यंत दहा डिझाइनांचं ‘पॅचवर्क’ बसवतात आणि दाराशी अर्धं फूल कापलेलं दिसतं. पाच वर्षांत जुनं वाटणार असेल तर हे पॅचवर्क. दोन-तीन रंगांची एकच नक्षी आणि साधा पट्टा कधीही घ्या.

गवंडीकाम, रत्नागिरी

लाल कोब्याचं, म्हणजे रंगीत सिमेंटच्या सलग फरशीचं, थोडक्यात. लाल रंग सिमेंटच्या वजनाच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा, जास्त घातला तर कोबा कच्चा राहतो. पूर्ण खोलीचं सिमेंट आणि रंग कोरडंच एकदम मिसळून चाळून ठेवा. घाण्यागणिक मिसळलं तर पट्टे दिसतात. साधारण चार फुटांवर काचेच्या पट्ट्या घालून भाग पाडा. पाणी सुटलं म्हणून वरून कोरडं सिमेंट भुरभुरवू नका, त्यानेच केसासारख्या भेगा येतात. सात ते दहा दिवस पाणी. ठिगळ लपत नाही, तडा गेला तर पट्टीपासून पट्टीपर्यंतचा पूर्ण भाग काढून नवा करावा.

पॉलिश आणि सुतारकाम, पुणे

जुन्या सागवानी कपाटावर आधी कोणतं पॉलिश आहे ते ओळखा. मागच्या बाजूला स्पिरिटचा बोळा अर्धा मिनिट दाबा. चिकट झालं तर लाखेचं, काहीच झालं नाही तर मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन), ही हल्लीची रासायनिक पॉलिशं. लाखेचं असेल तर नशीब: सगळं खरवडायची गरज नाही, धुळीचा थर काढून, ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकं घासून त्यावरच नवे हात देता येतात, कारण नवा हात जुन्यात विरघळून एकजीव होतो. एक लिटर स्पिरिटला सुमारे १४० ग्रॅम चपडा लाख, रात्रभर भिजवून गाळून घ्या. लोकरीचा बोळा मलमलीत गुंडाळून पातळ आठ-दहा हात. भर पावसात करू नका. हवेतला ओलावा अडकून पांढरट झाक येते. आणि लाखेवर गरम भांडं ठेवलं की वळ उठतो, म्हणून जेवणाच्या टेबलाला पीयूच बरं.

खिळखिळ्या खुर्चीचे सांधे जुन्या काळी सरसाने (जनावरांच्या हाडा-कातड्याच्या डिंकाने) जोडलेले असत. गरम पाण्याच्या फडक्याने सरस सैल होतो आणि सांधा न तुटता सुटतो. नवा डिंक भरण्याआधी जुना सरस पूर्ण खरवडा, त्याच्यावर नवा डिंक धरत नाही. खिळा ठोकून सांधा आवळणं हा खुर्चीचा शेवट समजा, लाकूड तिथेच चिरतं.

वेतकाम, नाशिक

स्विस वास्तुविशारद पिएर जानरेच्या चंदीगडच्या खुर्च्यांमुळे सागवान आणि वेत यांना पुन्हा मागणी आहे. घेताना एवढंच पाहा: वेत भोकांतून हाताने विणलाय की तयार जाळी खाचेत बसवलीय. दोन्ही दुरुस्त होतात, जाळी स्वस्तात. जाळी अर्धा तास साध्या पाण्यात भिजवा, खाचेत जाळी धरून ठेवणारी जुनी पट्टी पटाशीने काढून खाच साफ करा, जाळी दाबून डिंक आणि नवी पट्टी. ढोलासारखी ताणू नका. सुकताना ती आपोआप आवळते, आधीच ताणलेली असली तर खाचेच्या कडेला तुटते. बैठक लोंबली तर खालून ओलं फडकं अर्धा तास लावून सावलीत सुकवा. म्हणूनच खालच्या बाजूला वार्निश नको, वेताला पाणी पिता आलं पाहिजे.

वायरिंग, डोंबिवली

काळे गोल बेकेलाइट स्विच नवे मिळतात आणि छान दिसतात, पण त्यांच्यामागची वायर जुनी ठेवू नका. जुन्या पट्टीवरच्या वायरिंगमध्ये बऱ्याचदा अर्थिंगच नसतं, आणि पितळी दिव्याला अर्थिंग हवंच. दिव्यांना १.५, प्लगला २.५, गिझर-एसीला ४ चौरस मिमी तांब्याची वायर आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच). टांगत्या दिव्याचं वजन कापडी वायरवर घेऊ नका, साखळी किंवा हूक लावा. बंद काचेच्या हंडीत एलईडी बल्ब तापून लवकर जातो, वर हवा खेळती हवी. उघडा फिलामेंट बल्ब डोळ्यांच्या पातळीवर टोचतो. जेवणाच्या टेबलावर दुधी काचेचा, २७०० केल्विनचा (पिवळसर उजेडाचा) घ्या.

अंतर्गत सजावट, ठाणे

वर सगळ्यांनी टिकणाऱ्या गोष्टींची बाजू मांडली, ती मान्य. पण रेट्रोलाही घरात जागा असावी, फक्त ते स्क्रूड्रायव्हरने निघणारं असावं: मुठी, दिवे, पडदे, आरसे. फरशी, ओटा, दारांच्या चौकटी साध्या ठेवा. मुठी घेताना दोन भोकांमधलं अंतर ९६ किंवा १२८ मिमी आहे ना ते मोजा, म्हणजे पुढे बदलताना नव्या मुठी त्याच भोकांत बसतात. वेगळ्याच मापाच्या घेतल्या तर पल्ल्यावर जुनी भोकं उरतात आणि ती लॅमिनेटवर कधीच लपत नाहीत. पितळेची म्हणून दिलेली मूठ लोहचुंबकाला चिकटली तर आत लोखंड आहे. बाथरूमच्या दाराला ती लावू नका, कोकणपट्टीच्या दमट हवेत मुलामा सुटून गंज वर येतो.

फरशीकाम, दादर

ठाणेकरांच्या मुद्द्यात एक भर. ओट्याचा जुना कडाप्पा काढायचा ठरलाच तर फोडून टाकू नका. चांगला तुकडा खिडकीच्या कट्ट्याला किंवा बाल्कनीत कुंड्यांखाली कामी येतो. कापताना दगड ओला ठेवा, आणि कड हाताने गोल करून घ्या.