गोवा ते लिस्बन : अंतर आणि प्रत्यक्ष लागणारा वेळ

प्रश्न (मडगाव)

माझे आई-बाबा नोव्हेंबरात धाकट्या भावाकडे लिस्बनला जाणार आहेत. दाबोळी ते लिस्बन सरळ अंतर सुमारे ८,३४० किलोमीटर भरते. ताशी साडेआठशेचा वेग धरला तर साधारण दहा तास लागावेत. दोहामार्गे पाहिलेले एक तिकीट मात्र पहाटे ४ वाजता निघून त्याच दिवशी दुपारी १ वाजता पोहोचते असे दाखवते, आणि त्यात अडीच तासांचा थांबाही आहे. हे कसे शक्य आहे? दिल्लीमार्गे गेल्यास अंतर वाचेल का? दोघांनीही सत्तरी ओलांडलेली असल्यामुळे काळजी वाटते.

उत्तर (पणजी)

तिकिटावरच्या वेळा त्या त्या शहराच्या घड्याळाप्रमाणे असतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपातील घड्याळे एक तास मागे जातात. त्यानंतर लिस्बन आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते, उन्हाळ्यात साडेचार. म्हणून त्या नऊ तासांत साडेपाच मिळवा : दोह्यापर्यंत सुमारे चार, थांबा अडीच आणि पुढे सुमारे आठ, असे एकूण साडेचौदा तास होतात.

पश्चिमेकडे जाताना उंचावरचा जोरदार वारा बहुतेक वेळा समोरून येतो, शिवाय काही देशांचे आकाश टाळून वळसा घ्यावा लागतो. त्यामुळे केवळ अंतराला वेगाने भागून वेळ काढता येत नाही. येताना तोच वारा पाठीशी असल्याने उड्डाणाचा वेळ कमी होतो.

दिल्लीचा विचार मात्र सोडून द्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. दोहा जवळजवळ सरळ रेषेवरच आहे, त्यामुळे तिथे उतरल्याने अंतर जेमतेम तीस किलोमीटरने वाढते. याउलट आधी उत्तरेला दिल्ली गाठून मग पश्चिमेला वळल्यास ते नऊशे किलोमीटरहून अधिक वाढते, आणि बहुधा युरोपात आणखी एकदा विमान बदलावे लागते. पोर्तुगीज काळात ताईप ही कंपनी दाबोळीहून लिस्बनला कराचीमार्गे, मध्ये अनेक थांबे घेत विमाने नेत असे. त्या मानाने आजचा एक थांबा फारच सुसह्य आहे.

उत्तर (पेडणे)

गोव्यात दाबोळी आणि मोपा असे दोन विमानतळ आहेत; विमान दाबोळीहून आहे की मोपाहून, हे तिकिटावर आधी पाहावे. मडगावहून मोपा गाठायचे म्हणजे गोव्याच्या दक्षिणेकडून थेट उत्तर टोकाला जाणे आहे. तो वेळ प्रवासात धरलाच पाहिजे.

उत्तर (म्हापसा)

दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्यावेत, म्हणजे सामान थेट लिस्बनला जाते आणि पहिले विमान उशिरा आल्याने दुसरे चुकले तर पुढची सोय कंपनीला करावी लागते. स्वतंत्र तिकिटांवर ही जबाबदारी प्रवाशावर येते. या वयात अडीच तासांचा थांबा मला योग्य वाटतो. एका तासाचा घेऊ नये, कारण तिथे पुन्हा सुरक्षा तपासणी होते आणि दारापर्यंत बरेच चालावे लागते. चाकाच्या खुर्चीची मागणी तिकीट काढतानाच नोंदवावी. युरोपमार्गे गेल्यास शेंगेन क्षेत्रातील (पोर्तुगालसह, आपसात सीमा-तपासणी न करणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातील) पारपत्र तपासणी पहिल्याच विमानतळावर होते. दोहामार्गे ती लिस्बनला होईल, म्हणून विमान उतरल्यावर बाहेर येईपर्यंत उशीर होऊ शकतो, हे भावाला कळवून ठेवावे.