टोकाचे वजन वाढवण्याआधी उलटे उडवून पाहावे

कंट्रोल-लाइन विमान (उडवणाऱ्याच्या हातातील तारांना बांधलेले, त्याच्याभोवती फिरणारे मॉडेल) डोक्यावरून जाताना तारा सैल पडतात म्हणून बाहेरच्या, म्हणजे उडवणाऱ्यापासून दूरच्या पंखाच्या टोकातील वजन वाढवावे, असा सल्ला दिला जातो; तो काही विमानांना लागू पडेल, पण तो पहिला उपाय असू नये असे मला वाटते. आधी विमान सरळ आणि उलटे, अशा दोन्ही स्थितींत डोळ्यांच्या उंचीवर समतल उडवून पंख तारांच्या रेषेत राहतात का ते पाहावे. बाहेरचा पंख दोन्ही वेळा खाली झुकत असेल तर वजन जास्त आहे आणि दोन्ही वेळा वर उचलला जात असेल तर ते कमी आहे, कारण विमान कसेही असले तरी गुरुत्वाकर्षणाची दिशा बदलत नाही. मात्र सरळ उडताना खाली आणि उलटे उडताना वर, असा दोष पालटत असेल तर तो पंखातील किंवा फ्लॅपमधील (पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्टीतील) पिळाचा आहे, आणि वजनाने तो जाणार नाही.

मी स्वतः असा पिळ वजन वाढवून झाकत बसलो होतो. समतल उड्डाण सुधारले, पण चौकोनी लूपच्या (उभ्या चौकोनी घिरटीच्या) कोपऱ्यांत, जिथे विमानावरचा भार कित्येक पटींनी वाढतो, तिथे ते वजनही तितकेच जड होऊन बाहेरचा पंख झटक्याने हेलकावू लागला. शेवटी जादा वजन काढून बाहेरच्या फ्लॅपची मागची कड जेमतेम एक मिलिमीटर वर वाकवली, तेव्हा दोष गेला. (एका उड्डाणात एकच बदल करण्याचा नियम मी तोवर पाळला नव्हता, हेही कबूल करतो.)