टेल्स ऑफ द अ‍ॅबिस: चार भाग पाहिले, ल्यूक डोक्यात जातो. पुढे पाहू की आधी गेम खेळू?

अर्धवट_सेव्ह

सनराइझची २००८-०९ ची २६ भागांची मालिका, पहिले चार भाग झाले. अडलंय ते असं:

१. ल्यूक हा नायक आहे हे मान्य, पण इतका हेकट आणि तोंडाळ? हे किती वेळ चालतं? शेवटपर्यंत असाच राहणार असेल तर इथेच थांबतो.

२. फोनॉन, सातवा फोनॉन, स्कोअर, हायपररेझोनन्स... पात्रं हे शब्द एकमेकांवर फेकतात आणि पुढे जातात. कुणी सोपं करून सांगेल का?

३. मूळ गेम आधी खेळावा का? खेळायचा तर पीएस२ (प्लेस्टेशन २) चा की ३डीएसचा (निन्टेंडोचं हातात धरायचं यंत्र)? 'टेल्स' नावाच्या गेमच्या मालिकेतला एकही गेम आधी कधी हाताळलेला नाही, हे धरून सांगा.

शेवटाबद्दल वाद आहे असं कळलं. त्यावर लिहिणार असाल तर आधी इशारा द्या.

---

सातवा_सूर

क्रमांक १ चं आधी. ल्यूक तसा दिसावा म्हणूनच तसा लिहिलाय. एंगेव्हेच्या बाजारात तो सफरचंद उचलतो, चावतो आणि चालायला लागतो. पैसे द्यायचे असतात हे त्याच्या गावीच नसतं, कारण सात वर्षं तो बाटिकुलच्या वाड्याबाहेर पडलेला नाही. तुम्हाला तो चोर वाटला, तर गावकऱ्यांनाही तेच वाटतं. पुढे त्याला एका गोष्टीची फार मोठी किंमत मोजावी लागते आणि तिथून मालिका पालटते. हे पहिल्या दहा भागांच्या आत येतं, तोवर दम धरा. त्यानंतरही तो पटला नाही तर खुशाल सोडा.

आता शब्द. या जगातली प्रत्येक वस्तू फोनॉन नावाच्या कणांची बनलेली आहे. प्रकार सात: पहिला अंधार, दुसरा माती, तिसरा वारा, चौथा पाणी, पाचवा अग्नी, सहावा प्रकाश. सातवा म्हणजे नाद. हा सगळ्यात शेवटी सापडलेला आणि वापरायला जन्मजात कुवत लागणारा. जखमा बऱ्या करणारी विद्या याच सातव्यावर चालते, म्हणून ल्यूकच्या सोबत्यांपैकी टिअर आणि नतालिया बरं करू शकतात आणि जेड इतका पट्टीचा असूनही करू शकत नाही.

सातव्या फोनॉनमध्ये ग्रहाची आठवण साठलेली असते, आणि तिच्यात पुढचंही आलं. दोन हजार वर्षांपूर्वी युलिया ज्यू हिने ती वाचली. तो स्कोअर. जपानीत लिहिताना भविष्यवाणी या अर्थाची चित्राक्षरं काढतात आणि उच्चार मात्र 'सुकोआ' करतात, म्हणजे संगीताची लिहिलेली चीज. सबटायटल वाचणाऱ्याला नुसतं 'स्कोअर' दिसतं आणि तो धावफलक समजून बसतो. खरं तर अर्थ असा की जग एक लिहून ठेवलेली बंदिश आहे आणि माणसं ती बिनचूक वाजवायला धडपडतात. लोक वाढदिवसाला आपला वर्षाचा स्कोअर वाचून घेतात, हे लक्षात ठेवा. खलनायकाचं सगळं म्हणणं याच सवयीविरुद्ध आहे.

हायपररेझोनन्स: सातवा फोनॉन वापरणारे दोघे एकमेकांत गुंतले की वस्तू विघटित होऊन पुन्हा जुळते. पहिल्या भागात टिअर आणि ल्यूक वाड्यातून उडून थेट शत्रूच्या मुलखात पडतात ते यामुळेच. नेहमी दोघं लागतात. ल्यूकला एकट्याला जमतं. का, ते मालिका सांगेल.

आधी मालिका संपवा, मग गेम. इतकंच.

---

लांबलचक_स्किट

वरचं शब्दांचं सगळं बरोबर, पण शेवटच्या ओळीला माझा विरोध. इंग्रजी मजकूर भराभर वाचता येत असेल तर गेम आधी.

साधा हिशेब करा. २६ भाग, सुरुवातीचं-शेवटचं गाणं वगळून प्रत्येकी एकवीस-बावीस मिनिटं, म्हणजे नऊ-साडेनऊ तास. गेमची नुसती मुख्य कथा याच्या पाचपट वेळ खाते. मालिकेने कथेचा सांगाडा जवळजवळ जसाच्या तसा ठेवलाय, घटनांचा क्रमही बहुतेक तोच. गेला तो सांध्यांमधला मांसलपणा.

सगळ्यात मोठं नुकसान डायरीचं. गेमच्या मेनूमध्ये 'आतापर्यंतची कथा' ही ल्यूकच्या रोजनिशीच्या रूपात आहे. त्याची स्मृती गेलेली असते, पुन्हा गेली तर उपयोगी पडावी म्हणून तो लिहितो. सुरुवातीच्या नोंदी कुरकुरीच्या: हा कटकट करतो, ती शहाणपणा शिकवते. त्या मोठ्या घटनेनंतर तोच हात, तीच वही, पण आवाज वेगळा. पुढे कुठे जायचं हेही तिथेच कळतं, त्यामुळे ती वाचावीच लागते. पडद्यावर हे दाखवायला सोय नाही. मालिकेत ल्यूकचा बदल एका प्रसंगात झाल्यासारखा वाटतो. गेममध्ये तो बदलतो, घसरतो, पुन्हा स्वतःला कमी लेखत बसतो आणि बाकीचे त्याला त्यावरूनही झापतात.

दुसरं नुकसान स्किटचं. स्किट म्हणजे चालता चालता बटण दाबलं की पात्रांचे चेहरे येऊन होणाऱ्या छोट्या गप्पा. ल्यूकचा सोबती गाइ, त्याला बायकांच्या स्पर्शाची भीती का वाटते (नाव 'गाय' लिहिलं की गंभीर प्रसंगाचा विचका होतो, म्हणून 'गाइ'), गटातल्याच अनीसचं पैशाकडे डोळा ठेवून चाललेलं गोड बोलणं, जेडची बोचरी थट्टा, हे स्किटमधून हळूहळू मुरतं. मालिकेत गाइची भीती विनोद म्हणून येते आणि कारण एकदम अंगावर येतं.

मालिकेने कमावलेलंही सांगतो. शत्रूच्या गोटातल्या अ‍ॅशची बाजू. गेममध्ये एका टप्प्यावर थोडा वेळ अ‍ॅश आपल्या हातात येतो, एरवी तो येतो, ओरडतो आणि निघून जातो. मालिकेत त्याची पायपीट समांतर दिसते, त्यामुळे तो नुसता संतापी वाटत नाही. ल्यूक आणि अ‍ॅश दोघांचाही आवाज चिहिरो सुझुकीचा. एकाच प्रसंगात दोघे बोलतात तेव्हा डोळे मिटून ऐका.

संगीत म्हणाल तर बंप ऑफ चिकन या जपानी बँडचं 'कार्मा' हे गाणं दोन्हीकडे आहे. फक्त गेमच्या इंग्रजी आवृत्तीत शब्द काढून नुसती धून ठेवलीय. ही चूक नव्हे, गुन्हा.

---

कोअर_बदला

आवृत्तीबद्दल. पीएस२ चा गेम जपानमध्ये डिसेंबर २००५ ला आला, उत्तर अमेरिकेत २००६ ला. युरोपला पीएस२ आवृत्ती मिळालीच नाही, तिथे २०११ मध्ये थेट ३डीएस. दोन्ही यंत्रांना विभागाचं कुलूप आहे: अमेरिकेची डिस्क किंवा कार्ट्रिज युरोपच्या यंत्रावर चालत नाही. वापरलेली प्रत घेताना यंत्राचा विभाग आणि गेमचा विभाग जुळतो का, हे आधी पाहा. फसगत बहुतेक इथेच होते.

पीएस२: जगाच्या नकाशावर जाताना-येताना लोडिंग लांब, आणि नकाशावर चित्र अडखळतं. पण लढाईत चार जण चार कंट्रोलर घेऊन खेळू शकतात.
३डीएस: लोडिंग बरंच सुधारलंय, पण एकत्र खेळण्याची सोय काढून टाकलीय.
इंग्रजीत दोन्हीकडे आवाज इंग्रजी, जपानीचा पर्याय नाही. स्किटना तर इंग्रजीत आवाजच नाही, फक्त वाचायचं. मालिकेतले जपानी आवाज कानात बसले असतील तर पहिला तासभर गेममधलं जेडचं बोलणं परकं वाटेल. एकटे खेळणार असाल तर ३डीएस.

नवख्यांचं कुठे चुकतं ते आता.

कपॅसिटी कोअर. हा गेमचा कणा आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग. कोअर म्हणजे पात्राला लावायचा एक खडा. लेव्हल वाढताना जो कोअर लावलेला असेल त्याप्रमाणे हल्ला, बचाव वगैरेंना जास्तीचे गुण मिळतात. ते साठत जातात आणि ठरावीक बेरीज झाली की एडी स्किल उघडतात. म्हणजे लढताना वापरायच्या युक्त्या: मागे उडी मारणं, जादूचा बचाव, असं बरंच. कोअर न लावता वाढलेल्या लेव्हलचे गुण परत मिळत नाहीत. पहिला कोअर हाती आला की लगेच लावा. नवीन माणूस गटात आला की पहिलं काम हेच. उलट बाजूही आहे: एकाच प्रकारचा कोअर शेवटपर्यंत ठेवला तर एकच आकडा फुगतो आणि दोन वेगळे गुण मिळून उघडणाऱ्या स्किल अडून बसतात. स्किलच्या यादीत पुढच्यासाठी काय हवंय ते बघून कोअर बदलत राहा.

एफओएफ (फील्ड ऑफ फोनॉन्स). आग, पाणी, वारा, माती यांपैकी कशाचीही विद्या वापरली की जमिनीवर त्या रंगाचं वर्तुळ उमटतं. पहिल्यांदा ते अर्धंच भरतं. त्याच जागी त्याच तत्त्वाचा दुसरा मार बसला की पूर्ण भरतं. पूर्ण भरलेल्या वर्तुळात उभं राहून योग्य विद्या वापरली की ती बदलून जास्त ताकदीची होते. फसतं का? एक, भलत्या तत्त्वाच्या वर्तुळात काहीच होत नाही. दोन, वर्तुळ थोड्या वेळात विरतं. तीन, शत्रूही तुमचं वर्तुळ वापरतो. म्हणून जेडला मंत्र म्हणायला लावून ल्यूकने आधीच त्या जागेजवळ जाऊन उभं राहायचं. मंत्र पडल्यावर धावत निघालात तर उशीर होतो.

फ्री रन, म्हणजे बटण धरून मैदानात हवं तिकडे धावणं, 'टेल्स'च्या गेममध्ये पहिल्यांदा इथेच आलं. त्याआधी पात्र शत्रूच्या सरळ रेषेतच पुढे-मागे व्हायचं. पण धावताना बचाव बंद असतो. नवखे सतत धावतात आणि पाठीत मार खातात. धावायचं ते बाजूने वळून जायला. पोहोचलात की बटण सोडा.

आणखी एक. जेड सुरुवातीला तुमच्यापेक्षा कितीतरी वरच्या लेव्हलने येतो आणि टार्टारस या लष्करी जहाजावर फॉन स्लॉट सील (ताकद बांधून टाकणारं कुलूप) बसल्यावर ती धाडकन खाली येते. मालिकेत तुम्ही तो प्रसंग पाहिलाच असेल. सेव्ह बिघडलेला नाही, कथाच तशी आहे. त्याच्या जिवावर पुढच्या लढायांचा हिशेब मांडू नका.

बाजूच्या मोहिमांना वेळेची खिडकी असते. कथेने मोठं वळण घेतलं की जुन्या गावांतून एक फेरी मारा आणि प्रत्येक वेळी वेगळ्या जागी सेव्ह करा. एकाच सेव्हवर लिहीत गेलात तर हुकलेलं परत मिळवता येत नाही.

---

अर्धवट_सेव्ह

सफरचंदाचा प्रसंग पुन्हा पाहिला, आता वेगळा दिसला. पाहणं चालू ठेवतो आणि मालिका संपल्यावर ३डीएस. डायरीचं आधी माहीत असतं तर कदाचित उलटं ठरवलं असतं.

मालिका गेमच्या मध्यावर थांबत नाही ना? दुसऱ्या एका रूपांतराने तसं केलेलं आहे.

---

सातवा_सूर

नाही, ही पूर्ण होते. तुमच्या डोक्यात बहुधा २००१ ची 'स्टार ओशन ईएक्स' आहे. तीही २६ भागांचीच, पण साधारण तिच्या मूळ गेमच्या पहिल्या डिस्कपाशी थांबते आणि पुढची कथा ऑडिओ नाटकांवर सोडून देते. उलट टोक पाहायचं तर २०१६-१७ ची 'टेल्स ऑफ झेस्टिरिया द एक्स': शेवटापर्यंत जाते, पण वाटेत गेमची कथाच बदलते आणि मध्येच दोन भाग दुसऱ्याच गेमच्या पात्रांना देते. अ‍ॅबिस या दोन्हींच्या मधली, सरळमार्गी.

---

लांबलचक_स्किट

इशारा: इथून खाली शेवट फोडलेला आहे. अर्धवट_सेव्ह, तुम्ही २६ भाग झाल्यावर या.

शेवटाचा वाद असा. ल्यूक हा अ‍ॅशची प्रतिकृती, सात वर्षांपूर्वी बनवलेली. म्हणजे सतरा वर्षांचा दिसतो, जगलाय सातच. (सफरचंद इथे जुळतं.) शेवटी त्याच्या सज्ञान होण्याच्या सोहळ्याच्या रात्री टाटारू खोऱ्यात लांब लाल केसांचा एक जण परत येतो. कोण?

ल्यूक म्हणणाऱ्यांचा आधार त्याच्या बोलण्याचा: कुणाला तरी वचन दिलं होतं म्हणून आलो. ते वचन ल्यूकने टिअरला दिलेलं. अ‍ॅश म्हणणाऱ्यांचा आधार गेममध्येच सांगितलेल्या नियमाचा: मूळ आणि प्रतिकृती तंतोतंत जुळत असतील तर शेवटी प्रतिकृती विरून मूळ माणसात मिसळते आणि तिच्या आठवणी तेवढ्या उरतात. अ‍ॅशने हे उलटं समजून घेतलेलं असतं, मरणार आपणच अशी त्याची समजूत, म्हणून त्याची ती घाई.

मला दुसरं पटतं, आणि कारण जेड. बाकीचे पुढे येतात तेव्हा त्याचा चेहरा पाहा. प्रतिकृती बनवण्याची विद्या मुळात त्याने शोधलेली, गणित त्याला माहीत आहे, आणि तो आनंदलेला दिसत नाही.

---

कोअर_बदला

जेडचं मान्य, पण 'अ‍ॅश आला' हेही अर्धंच. शरीर मूळचं असलं तरी आठवणी दोघांच्या, आणि वचन पाळायला जो येतो त्याला नुसतं अ‍ॅश म्हणून कसं चालेल? आणखी एक पाहण्यासारखं: ल्यूक डावरा, अ‍ॅश उजवा. गेममध्ये दोघांच्या लढण्याच्या ढबीत हे अखेरपर्यंत पाळलंय. शेवटच्या दृश्यात मात्र तो तलवार उपसतच नाही.